समिती येतेय, माजी विद्यार्थी शोधा!

आमच्या केमिस्ट्री विभागात काही म्हणजे काही साठत नाही. ॲसिड संपतं, बर्नरचा गॅस संपतो, मुलं तर दरवर्षी कमीच. किस्से तेवढे साठतात, आणि तेही असले की हसावं का डोकं धरून बसावं कळत नाही. दिघी बंदराच्या रस्त्याला विद्यापीठाचं एवढंसं उपकेंद्र, त्यात मी शिकवते तो एमएस्सीचा वर्ग. यंदा तोही बंद करायचं घाटतंय. विद्यापीठाची समिती येणार, तिला 'माजी विद्यार्थ्यांचं यश' दाखवा, नाहीतर कुलूप! आमचे विभागप्रमुख म्हात्रे सर तेव्हापासून यश शोधत फिरतायत. सापडलं असतं तर मी हे सांगत बसले असते का?

*

आमच्याकडे सत्काराची शाल एकच. खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, शाल परत कपाटात. नेहमीच्या पाहुण्यांना हे ठाऊक असतं, ते मुकाट काढून देतात.

सुजाता जाधव विद्यापीठात पहिली आली तेव्हा तिच्या आईलाही बोलावलं होतं, म्हसळ्याच्या पलीकडच्या गावातून. दोघींना मिळून शाल पांघरली, फोटो झाला, सरांनी हळूच हात पुढे केला. आईनं शाल छातीशी घट्ट धरली.

"पोरीचा मान हाय ह्यो! मान कुनी परत घेतं व्हय?"

सरांचा हात तसाच हवेत. शाल गेली म्हसळ्याला. आता आम्ही गुलाबाचं फूल देतो, तेही सरांच्या अंगणातलं.

*

मग निघाली फ्लेक्सची टूम. माणगावच्या नाक्यावर हा भला मोठा फ्लेक्स! मधोमध आमच्या नितेशचा फोटो, खाली 'नामांकित कंपनीत निवड'. खोटं नव्हतं हो. फक्त निवड कंत्राटावर होती, आणि फ्लेक्स छापून येईपर्यंत कंत्राट संपलं. पोरगा आता त्याच नाक्यावर रिक्षा चालवतो.

एकदा मीच त्याच्या रिक्षात बसले. शेजारची बाई एकदा फ्लेक्सकडे बघतेय, एकदा त्याच्याकडे.

"काय रं, त्यो तूच ना?"

"न्हाय मावशी. भाऊ हाय माझा. मोठ्या कंपनीत असतो."

"मग शिक की काहीतरी त्याच्याकडून!"

नितेश म्हणाला, "व्हय मावशी." उतरल्यावर माझ्याकडून भाडं घेईना मेला. मला त्याच्याकडे बघवेना.

*

आमचा खराखुरा यशस्वी विद्यार्थी एकच. जर्मनीत संशोधक आहे. त्याचं ऑनलाइन मार्गदर्शन ठेवलं. उपकेंद्रात रेंज येत नाही, म्हणून सगळा वर्ग दिघीच्या जेट्टीवर नेला. मागे आगरदांड्याच्या फेरीबोटीचा भोंगा, पुढे एका मोबाइलभोवती घोळका. सरांचा ऊर भरून आला होता.

"बाळा, आपल्या विभागाविषयी दोन शब्द बोल."

"सर, बरं झालं भेटलात! माझं पदवी प्रमाणपत्र निघालं का हो? इथले लोक सारखे विचारतात."

आणि रेंज गेली. सर म्हणाले, "वाचलो!"

*

आता समितीचा दिवस.

त्याआधी सुजाताचं सांगते. विद्यापीठात पहिली येऊन ही पोर कुठे गेली? कुठेच नाही. सरांकडेच पीएच.डी. करते आणि तासिका तत्त्वावर आमच्याकडेच शिकवते. वर्ग बंद झाला की तास गेले, पीएच.डी. अर्धवट. घरी स्थळं बघून ठेवलीयत, सगळे समितीकडे डोळे लावून बसलेत. तिच्याइतकी हुशार मुलगी मी आजवर शिकवली नाही, आणि तिच्यासाठी मला काहीही करता येत नाही. रडू येतं कधीकधी.

समितीला सकाळी विद्यार्थी भेटायचे होते, दुपारी शिक्षक, मग माजी विद्यार्थी. तर सकाळची एसटीच रद्द! वर्गात मोजकी टाळकी. सर म्हणाले, "सुजाता, तू बस. पीएच.डी.वाली म्हणजे विद्यार्थिनीच की!" दुपारी म्हणाले, "तासिकावाली म्हणजे शिक्षिकाच की!"

माजी विद्यार्थ्यांना मी किती फोन केले! मुंबईवाल्यांना रजा नाही, इथल्यांना लाज वाटते. नितेश म्हणाला, "मॅडम, त्यांना फ्लेक्स दाखवा. मला नका दाखवू." शेवटी सरांनी सुजाताकडे बघितलं. मी माझी ओढणी तिला दिली, केस वर बांधायला लावले. कागदोपत्री सगळं खरंच होतं ना!

समितीचे अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांचे, सबंध दिवसात आवाज न चढवलेले गृहस्थ. रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकट्या बसलेल्या सुजाताला त्यांनी नीट न्याहाळलं.

"बाळ, सकाळी तू विद्यार्थिनी होतीस. दुपारी शिक्षिका. आता माजी विद्यार्थिनी. मग उद्या कोण आहेस?"

सुजाता उभी राहिली.

"ते ठरवायलाच तुम्ही आलात ना, सर?"

अध्यक्षांनी अहवालात काही न लिहिताच पेनाला टोपण लावलं आणि प्यायला पाणी मागितलं.