अण्णानं निवडून दाखवलेला आजार

बदनापूरच्या आमच्या शाळेत प्रार्थना संपत आली होती, तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. पलीकडं माझा भाचा विनायक. "आत्या, अण्णा गेले," एवढंच बोलला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, माझा थोरला भाऊ. अशा वेळी माणूस मटकन खाली बसतं, रडतं. मी फोनवर ओरडले, "सांगितलं होतं मी त्याला! हजारदा सांगितलं होतं!" मुख्याध्यापक दचकून माझ्याकडं बघत राहिले. आता महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात, देवमाणूस होता म्हणतात, मी मान डोलावते. होता देवमाणूस. पण त्याच्याइतकं मला आयुष्यात कुणी पिडलं नाही, आणि जाताना तर त्यानं कहर केला. मला रडू येतं, तेही रागानंच येतं.

एक्क्याऐंशी साली अण्णानं तीर्थपुरीला भुसारचं दुकान टाकलं. शेतकऱ्याकडून तूर, मूग, ज्वारी घ्यायची आणि जालन्याच्या व्यापाऱ्याला विकायची. व्यापाऱ्याला आधी मूठभर नमुना दाखवायची पद्धत असते. बाकीचे दुकानदार पोत्यात हात घालायचे आणि मूठ पुढं करायचे, काम संपलं. अण्णाचं तसं नव्हतं. तो आदल्या दिवशी ताटात तूर पसरून बसायचा. खडा, काडी, फुटका दाणा, किडका दाणा, सगळं बाजूला काढायचा आणि मोत्यासारखा नमुना कागदात बांधायचा. बरं, माणूस सचोटीचा, त्यामुळं नमुना जसा तसंच पोतं असलं पाहिजे हा हट्ट. मग घरातल्या सगळ्या बाया पोतीच्या पोती निवडायला. मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, आठवड्यातून एक सुट्टी, ती तीर्थपुरीच्या ओट्यावर मान मोडून तूर निवडण्यात जायची. एक मारवाडी शेठ कंटाळून म्हणायचे, "अण्णासाहेब, नमुना राहू द्या, पोतं उघडा. आम्हाला कचऱ्यासकट माल बघायचा असतो." अण्णाला ते लागायचं. "असा घाणेरडा माल कुणापुढं ठेवायचा का?" म्हणायचा आणि दिवसभर तोंड पाडून बसायचा.

हे दुकानापुरतं असतं तर चाललं असतं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यानं त्यांना गल्लीच्या तोंडाशी हॉटेलात नेऊन चहावर चहा पाजला, का, तर सारवलेला ओटा अजून वाळला नव्हता. नवरदेवाकडच्यांना वाटलं, मुलीत काही खोट आहे म्हणून हे आत घेईनात! ताप आला तर आधी दाढी. वहिनी कामात असल्या की मला म्हणायच्या, "ताई, तुमच्या भावाला यम न्यायला आला, तर त्याला बी ओट्यावर बसवून ठेवतील." आम्ही दोघी हसायचो तेव्हा.

मग त्याच्या पित्ताशयात खडे झाले आणि त्यापायी स्वादुपिंडाला सूज आली. पोटातून पाठीपर्यंत अशी कळ, की तो माणूस पहिल्यांदाच दाढी न करता दवाखान्यात गेला. औरंगाबादला बरेच दिवस होता. बरा होऊन आला, दुकानात बसायला लागला, आम्ही सुटलो म्हणालो. पण काही महिन्यांनी डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, चक्कर यायला लागली, आणि मधूनच शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. पोटात कुठंतरी रक्तस्राव होत होता. दोन-तीन दिवस व्हायचा, आपोआप थांबायचा. हे वहिनींनी मला सांगितलं, त्यांनाही त्यानं सांगितलेलं नव्हतंच, त्यांच्या ध्यानात आलं.

आणि अण्णा डॉक्टरकडं कधी जायचा? सगळं थांबल्यावर! दही-भात खाऊन, चार दिवस पडून राहून, पोट साफ झालं, तोंडावर तजेला आला, की मग आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जालन्याला निघायचा. डॉक्टरनं घशातून दुर्बीण घालून पाहिलं, सगळं स्वच्छ. परत काही महिन्यांनी तेच, परत दुर्बीण, परत स्वच्छ. डॉक्टर बिचारे काय करणार, आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन पाठवायचे. रक्त मात्र कमी कमी होत चाललेलं. मी कडाडून भांडले. "अण्णा, अरे चालू असताना जा ना! रक्त येतंय तेव्हाच कळेल ते कुठून येतंय."

"मंग काय घाणीनं भरलेला जाऊ का डॉक्टरपुढं?" तो म्हणाला. "तो शिकलेला माणूस. आपुन जरा बराबर होऊन जावं."

"बरा झाल्यावर दवाखान्यात कशाला जायचं? त्याला नमुना नको, पोतं दाखव!"

हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय.

त्याचं पोतं शेवटी उघडलं ते राजूरला. चतुर्थी होती. तो आदल्या दिवशी माझ्याकडं मुक्कामाला आला, सकाळी आम्ही गणपतीला गेलो. रांगेत उभ्या उभ्या त्याचा चेहरा पांढरा झाला आणि तो माझ्या अंगावर कोसळला. धोतर भरलं होतं. मी कुणाचं ऐकलं नाही, जीप केली आणि तशीच औरंगाबादला घेतली. वाटेत शुद्धीवर आला तर पहिलं काय बोलावं? "सुमन, तुझ्या घरावरून जाऊन राह्यलो ना आपुन, थांबव जल्दी. कपडे तरी बदलू दे मला." मी म्हटलं, तोंड बंद ठेव.

त्या एका दिवशी डॉक्टरांना सगळं सापडलं. रक्तवाहिनीत औषध सोडून फोटो काढले. मोठ्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, रक्त पुरवणारी एक नळी स्वादुपिंडाला चिकटून जाते. जुन्या सुजेत स्वादुपिंडाचा रस बाहेर झिरपला, त्यानं ती नळी कुरतडली, भोक पाडलं. तिथून रक्त बाहेर येऊन साचलं आणि त्याचा फुगा झाला. पण हा खोटा फुगा. त्याला नळीची स्वतःची भिंत नाही, गोठलेलं रक्त आणि आजूबाजूचं मांस यांनी कसंबसं धरून ठेवलंय. अधूनमधून तो आतड्याकडं गळतो आणि थांबतो. "एक दिवस थांबणार नाही," डॉक्टर म्हणाले. उपाय होता. मुंबईला जायचं, जांघेतून बारीक नळी घालून तारेची वेटोळी सोडायची आणि ती जागा बुजवायची. पोट फाडायचंसुद्धा काम नाही! मला इतकं हायसं वाटलं की मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

आणि हा महात्मा... रक्ताच्या बाटल्या चढल्या, गालावर लाली आली, तसा म्हणायला लागला, घरी जातो. डॉक्टर म्हणाले, इथून थेट मुंबईला जा. मी पाया पडले, विनायकनं आवाज चढवला. अण्णा ऐकेना. "मुंबईचे डॉक्टर हायेत ते. असा वाळका, पिवळा, दाढी वाढलेला जाऊ का? जरा अंगावर मांस येऊ दे. मंग जातोच, बिलकुल जातो." स्वतःच्या जबाबदारीवर घरी आला. निघताना डॉक्टरांनी वहिनींना एकच गोष्ट बजावली. काळं दिसलं, चक्कर आली, पोटात कळ आली, की ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत गाडीत घाला. शेजाऱ्याची जीप आम्ही सांगून ठेवली होती. मुंबईची तारीखही मिळाली होती. तो रोज दूध-केळी खात होता, फोनवर मला वजन सांगत होता.

त्या सकाळचं वहिनींनी मला दहाव्याला सांगितलं. त्या चुलीपाशी होत्या. अण्णा पहाटे उठून न्हाणीत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी दोनदा हाक मारली तर आतून म्हणाला, "आलोच." तिसऱ्यांदा दार वाजवलं तेव्हा भिंतीला धरून बाहेर आला. भांग पाडलेला, पांढरा शर्ट, धुतलेला पायजमा. खाटेवर बसला आणि म्हणाला, "आता बोलव जीप." ओठ पांढरेफटक होते. वहिनी धावल्या, जीप लगेच निघाली, आणि अंबडच्या अलीकडंच त्यानं मान टाकली. न्हाणीत गेला तेव्हाच निघाला असता तर दवाखाना गाठला असता की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही. पण तेवढा वेळ त्याच्या हातात होता, आणि तो त्यानं कशात घालवला?

परवा तीर्थपुरीला गेले तेव्हा कळलं. मागच्या अंगणात तारेवर एक पायजमा, एक बनियन आणि एक टॉवेल वाळत घातलेला. उन्हानं कडक झालेले. मी म्हटलं, वहिनी, हे काढत का नाही? त्या म्हणाल्या, "त्यांनीच धुतलं हे त्या दिवशी, मला हाक न्हाई मारली. न्हाणीच्या मागच्या दारानं येऊन तारेवर टाकलं, मंग शर्ट घातला." अंगातलं रक्त चाललं होतं आणि हा माणूस साबण लावत होता, पिळत होता, झटकून तारेवर नीट पसरत होता... पायजम्याची नाडीसुद्धा सरळ करून सोडली होती. मला काय झालं कोण जाणे, मी तो पायजमा ओढून काढला, उलटा केला, उजेडात धरला, एकेक शिवण बोटांनी उलगडून बघितली. कुठंतरी एक डाग राहिला असेल, निदान एक. काहीच नव्हतं. वहिनींनी तो माझ्या हातातून हळूच घेतला आणि होता तसा तारेवर टाकला.

"काही सापडणार न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "मी बी रोज बघते."