निरंक अहवाल

नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण कुणी विचारलं की सर्वांत अवघड निर्णय कोणता, तर मला एकच प्रकरण आठवतं. त्यात आरोपी असा कुणी नव्हताच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीतल्या एका गावात देवीची साथ आली. प्रांतसाहेबांच्या हुकुमाने गाव बंद झालं. आठवड्याचा बाजार बंद, एसटीचा थांबा बंद. वेशीवर आडवा बांबू आणि आमचे दोन शिपाई. लस टोचल्याची खूण दंडावर दिसल्याशिवाय आत-बाहेर कुणाला सोडायचं नाही, असा हुकूम होता.

पहिले रुग्ण गावाबाहेरच्या वस्तीत सापडले. त्यांना दवाखान्यात हलवायला आम्ही ट्रक नेला. एक आई मुलीला सोडेना, तेव्हा माझ्या शिपायांनी तिचे हात सोडवून मुलीला गाडीत घातलं. मी तिथेच उभा होतो. कायद्याने ते बरोबर होतं. ती मुलगी पुढे बरी होऊन घरी आली, पण तो ट्रक गावाच्या मनातून गेला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

रुग्ण कमी होत गेले. गावचे पोलीस पाटील रोज सकाळी वेशीवर येऊन अहवाल द्यायचे : 'नवीन रुग्ण निरंक', म्हणजे एकही नाही. माणूस सरळ, शब्दाचा पक्का. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण हिशेबाला कडक. शेवटच्या रुग्णाच्या खपल्या गळल्यावर ठरलेले आठवडे पुरे झाल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या. तेही आठवडे संपत आले. कांद्याला कोंब फुटायला लागले होते, व्यापारी रोज मामलेदारांच्या कचेरीत बसून असायचे. सोमवारी बाजार भरवायचा असं ठरलं. पोलिसांची हरकत नाही, असा अहवाल मीच पाठवला.

शनिवारी दुपारी वस्तीवरचे गुरुजी वेशीपाशी आले. ट्रकमधून नेलेली ती मुलगी त्यांची पुतणी. शिपायांना लांब जायला सांगा म्हणाले.

"साहेब, सोमवारी बाजार उघडू नका."

"का?"

"टोचणी शाळेत चालते आणि शाळेची किल्ली पाटलांकडे असते. या आठवड्यात चार वेळा आणायला गेलो. चारही वेळा ती ओट्यावर काढून ठेवलेली. आत या म्हणाले नाहीत. ऐन स्वयंपाकाच्या वेळी गेलो, तर घरातून फोडणीचा वास नाही. दारात कडुनिंबाचा पाला."

घरात देवी आल्या की फोडणी घालत नाहीत, घरातले पुरुष दाढी करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. आणि आठ दिवस पाटलांची दाढी वाढलेली मी रोज बघत होतो. नवस असेल म्हणून सोडून दिलं होतं. चोराच्या चपलेवरचा चिखल बघणारा माणूस मी, पण आपल्या माणसाकडे तसं बघितलं नाही.

"गुरुजी, पाटलांशी तुमचं काही भांडण?"

"राग आहे. आमची पोर ओढून नेली, त्यांच्या घरी कुणी विचारत नाही. पण त्यासाठी आलो नाही. बाजार भरला आणि साथ परत फिरली, तर आधी आमच्याच वस्तीत मरतील."

पाटलांना मी शाळेच्या खोलीत बोलावलं. शिपायाला बाहेर थांबवलं.

"पाटील, दाढी का वाढवलीत?"

"नवस हाय, साहेब."

"कशाचा?"

पाटील टोपी सारखी करू लागले.

"घरात आजारी कोण आहे?"

"कुणी नाय. रोज लिहून देतो ना मी."

झडतीचा अधिकार मला होता. पण घरात शिपाई शिरले की रुग्ण मागच्या दाराने रानात जाणार, तिथून दुसऱ्या गावात. आणि एक गोष्ट दिसत होती. बाहेर कुठे इंजिनाचा आवाज आला की पाटलांची मान खिडकीकडे वळत होती.

मी म्हणालो, "पाटील, ट्रक येणार नाही. शिपाई तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही. डॉक्टरबाई एकट्या येतील आणि औषधपाणी घरातच होईल. हा माझा शब्द."

पाटील खालीच बसले.

"पोर हाय साहेब माझी. सासरी ताप आला तर सासूनं बैलगाडीत घालून धाडून दिली. मी शेताच्या वाटेनं आत घेतली. जावई देवळालीला तोफखान्यात हाय. त्याला कळलं, तोंडावरचे वण दिसले, तर नांदवायचा नाय तिला. आन तुमची गाडी आली आसती तर साऱ्या गावानं बघितलं आसतं."

डॉक्टरबाई तासाभरात त्या घरी गेल्या. परत आल्या त्या एवढंच म्हणाल्या, "देवीच आहे. अंगभर. पाटलांची म्हातारी आई तिच्या उशाशी बसलीय आणि तिने लस टोचून घेतलेली नाही."

रविवारी सकाळी मी मामलेदारांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. व्यापारी बसलेलेच होते.

"एका पोरीपायी सगळ्या गावाचा कांदा सडवता?" एकाने विचारलं.

मामलेदार वैतागले. "परवाच हरकत नाही म्हणालात. आता बाजार पुढे ढकलायचा, तर जबाबदारी तुमची."

"लिहून देतो," म्हणालो आणि तिथेच लिहून दिलं. माझा आधीचा अहवाल चुकीचा होता, हे पहिल्या ओळीत घातलं. नोकरीत तसं वाक्य लिहायला हात जड होतो.

पण नुसतं बंद ठेवून भागणार नव्हतं. कोंडलेली माणसं रात्री-अपरात्री वाटा काढतात, मग नाकाबंदीला अर्थ राहत नाही. मी आणि डॉक्टरबाईंनी मार्ग काढला. गावकऱ्यांनी कांदा गाडीत भरून वेशीपर्यंत आणायचा, बैल सोडून मागे जायचं. टोचलेल्या हमालांनी पलीकडून येऊन तो टेम्पोत चढवायचा. माल जाईल, माणूस जाणार नाही. पहिल्या दिवशी व्यापारी कुरकुरले, तिसऱ्या दिवशी टेम्पोंची रांग लागली.

म्हातारीला लस दिली, पण उशीर झाला होता. ती त्यातच गेली. पाटील प्रेताजवळ बसून एवढंच म्हणत होते, "मीच मारली." मी त्यांच्याविरुद्ध अहवाल पाठवला, त्यांचं पद गेलं. ते मला टाळता आलं नाही, आणि टाळायला नको होतं, असं आजही वाटतं.

जावयाला मी स्वतः देवळालीला निरोप धाडला. तो रजा काढून आला. पलटणीत टोचलेला होता, म्हणून त्याला आत सोडलं. सासऱ्याशी एक शब्द बोलला नाही. सरळ आत गेला आणि रजा संपेपर्यंत बायकोला पाणी पाजत, वारा घालत बसला. ती वाचली. चेहऱ्यावर वण राहिले. त्याने तिला पुढे देवळालीलाच बिऱ्हाड करून नेलं.

डॉक्टरबाईंचे आठवडे पुन्हा मोजून झाले. कागदावर पुन्हा निरंक. मामलेदारांचा माणूस माझ्या सहीसाठी आला, तेव्हा मी म्हणालो, "चार दिवस थांबा." कशासाठी ते मला नीट सांगता येईना. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालो, "बाई, मागच्या वेळीही निरंकच होतं."

तिसऱ्या दिवशी वस्तीवरून एक बाई चालत आली. कडेवर तान्ही मुलगी, अंगावर पुरळ. मी तिला ओळखलं. जिचे हात माझ्या शिपायांनी सोडवले होते, तीच. वेशीपाशी थांबून म्हणाली, "साहेब, हिला कालपासून ताप हाय. लपवायला नको म्हनून आले. डाक्टरीणबाईला दावा."

डॉक्टरबाईंनी मुलीचे हात, पाय, पाठ नीट बघितली. मग हसल्या. "कांजिण्या आहेत. आठ दिवसांत खेळायला लागेल."

त्या बाईने डोळ्यांना पदर लावला. मी वेशीवरच्या आमच्या तंबूत गेलो आणि मनाई उठवण्यास हरकत नाही, असं लिहून सही केली. पुढच्या सोमवारी बाजार भरला. साथ परत आली नाही.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. घाबरलेल्या गावातून रुग्ण नाही असा अहवाल येतो, तेव्हा तो रुग्णांबद्दल काही सांगत नसतो, आपल्याबद्दल सांगत असतो. बंधनं कधी उठवायची हे दिवस मोजून ठरतं हे खरं, आणि ते मोजलेच पाहिजेत. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या कुणाच्या घरात ताप आला, तर तो माणूस आपल्याकडे येईल, की आपल्याला बघून दार लावून घेईल?