लाडवांच्या डब्यातले देव

देवावर राग धरला की पाप लागतं, असं मला लहानपणी सांगितलेलं. ते खरं असेल तर मेल्यावर मला वर चौकशीसाठी थांबवायचीही गरज नाही, थेट खालीच पाठवतील. कारण मी नुसता राग धरला नव्हता. मी देवांना बुडवायला निघाले होते.

आठ वर्षं झाली. मी तेव्हा बासष्टची होते. आता सत्तरीत बसून मागं बघते तेव्हा ती बासष्टची पोरगी मला लई मूर्ख वाटते. गुडघे धड होते, डोळे धड होते, अक्कल तेवढी यायची राहिली होती. कुणी समजावायला गेलं की फणकारायची. आणि स्वतःला फार शहाणी समजायची.

त्या आधीच्या दिवाळीत आमचे हे गेले. वाळूजच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. बजाजनगरात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता तुला समुद्र दाखवतो." वैजापूरकडची मी, पाणी पाहिलं ते विहिरीतलं नाहीतर टँकरचं. समुद्राची काय हौस असणार? पण ते दाखवणार म्हणून मला हौस. समुद्र राहिला आणि ते बावीस दिवस दवाखान्यात पडले. मी एकवीस दिवसांचं एकभुक्त धरलेलं, पायात चप्पल नाही, रोज देवांना दुधाचा अभिषेक. उद्यापनाच्या दिवशी पुरणाचा नैवेद्य दाखवला, डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर त्यांच्या पलंगावरची चादर बदलत होते.

भेटायला आलेली एक नातेवाईक म्हणाली, "देवाला आवडला माणूस." मी म्हणाले, "मलाही आवडत होता!" ती दुसऱ्यांदा आली नाही.

त्या दिवसापासून मी देव्हाऱ्याकडं पाठ केली. दिवा सून लावायची. मी शेजारी मुद्दाम ताटाचा आवाज करत मेथीची भाजी निवडत बसायची. राग गिळला गेला नाही की माणूस भांडी आपटतं. मी पाच महिने भांडी आपटली.

शिमगा झाल्यावर मुलानं, संतोषनं, मित्राची जुनी गाडी मागून आणली. "चल माय, बाबांनी कबूल केलेला समुद्र तुला मी दाखवतो," म्हणाला. हातात पैसा बेताचाच, म्हणून घरूनच दशम्या, ठेचा, स्टोव्ह, तांदूळ, सतरंज्या असं सगळं भरलं. मुक्काम धर्मशाळेत नाहीतर शाळेच्या ओट्यावर. मी लगेच हो म्हटलं तेव्हाच त्याला शंका यायला पाहिजे होती.

निघायच्या पहाटे मी लाडवांचा मोठा स्टीलचा डबा काढला. ह्यांना साखरेचा त्रास होता, म्हणून शेंगदाण्याचे लाडू त्या डब्यात भरून मी फळीवर उंच ठेवायची आणि हे स्टूल घेऊन चोरून खायचे. त्या रिकाम्या डब्यात मी अख्खा देव्हारा भरला. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, लग्नात आईनं दिलेला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. आवाज नको म्हणून ह्यांच्या उपरण्यात गुंडाळले आणि झाकण गच्च ठोकलं. समुद्र खोल असतो म्हणतात. बघू मग तुम्हाला कोण वर काढतं, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"माय, डब्यात काय?" संतोषनं विचारलं.

"लाडू. समुद्र बघितल्याशिवाय उघडायचा नाही."

बिचारा घाट उतरेपर्यंत लाडू मागत राहिला. ताम्हिणीत वानरांनी गाडीच्या खिडकीतून दशम्यांचं गाठोडं पळवलं, तेव्हा तर म्हणाला, "आता तरी काढ ना माय." मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले. झाडाच्या शेंड्यावर एक मोठी तांबूस खार, शेकरू म्हणतात तिला, शेपूट सोडून बसली होती. माझी सून कविता हरखून टाळ्या वाजवत होती. मला तिचाही राग आला. सासरा जाऊन पाच महिने झाले आणि ही खारी बघते! कविता मला आत्या म्हणते, आमच्याकडं तशी रीत आहे. म्हणाली, "आत्या, डबा मागं ठेवू का? मांडी अवघडेल."

"तू खारी बघ."

तिनं डब्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाडीकाठच्या एका लहानशा गावात पोचलो. किनाऱ्यावर माणसं गोळा झालेली. कासवीण वाळूत अंडी घालून जाते, गावातली माणसं ती जाळीच्या कुंपणात राखतात आणि पिल्लं निघाली की समुद्राकडं सोडतात. टोपलीतून रुपयाएवढी पिल्लं वाळूवर ठेवली. ती आपली वल्ह्यासारखे पाय मारत निघाली. लाट आली की उलटीपालटी होऊन मागं यायची, पुन्हा निघायची. वर एक घार की समुद्री गरुड फिरत होता.

"आई कुठंय ह्यांची?" मी तिथल्या राखणदाराला विचारलं.

"ती गेली आजी. अंडी घातली की मागं बघत नाय."

"अगदी देवासारखीच," मी म्हणाले. "आणि जगतात किती?"

"फार थोडी."

माझं डोकंच फिरलं. "मग पाठवता कशाला मरायला?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "आपण कुठं पाठवतो आजी? आपण कावळ्याकुत्र्यांना हाकलायचं. जायचं त्यांचं ती जातात."

मला ते उत्तर मुळीच पटलं नाही. दुपारी संतोष पंक्चर काढून गाडीखालीच सावलीत झोपला, कविता कपडे वाळत घालत होती. मी डबा उचलला आणि निघाले.

गावाच्या किनाऱ्यावर माणसं होती, तिथं देव बुडवायची सोय नव्हती. खाडीच्या पलीकडं मात्र वाळूचा लांब दांडा होता, निर्मनुष्य, त्याच्या पुढं उघडा समुद्र. आणि मधली खाडी कोरडी! ओली वाळू आणि मधे घोट्याएवढा ओघळ. आमच्याकडं नदी कोरडी म्हणजे पुढच्या पावसापर्यंत कोरडी. माहेरी आम्ही नदीच्या पात्रातूनच बाजाराला जायचो, पात्रातच बैलगाड्या सोडायचो. मी विचारसुद्धा केला नाही. साडी वर खोचली आणि त्या खाडीतून रस्त्यावरून जावं तशी पलीकडं गेले.

आता तिथं लगेच डबा फेकून यायचं, तर कामच झालं असतं. पण नाही. बाईंना आधी भांडायचं होतं. मी वाळूत बसले, झाकण काढलं आणि एकेकाला बाहेर काढून खडसावलं. खंडोबाला विचारलं, दरसाल भंडारा उधळला तो कशासाठी? अन्नपूर्णेला म्हणाले, तुझ्या हातातली पळी माझ्या काही कामाची नाही, जेवणारा गेला. बाळकृष्णावर तर सगळ्यात जास्त वेळ गेला. आईनं तो माझ्या ओटीत घालताना म्हटलं होतं, हा तुला एकटी पडू देणार नाही. "पडले की नाही? बोल ना! पडले की नाही?" असं मी एवढ्याशा पितळी बाळावर ओरडत होते. लाटांचा आवाज जवळ येत होता, पण माझा आवाज त्याहून मोठा.

"झालं का भांडून?"

मागं कविता उभी. मी पटकन सगळे उपरण्यात गुंडाळून डब्यात कोंबले, झाकण ठोकलं.

"तू कशाला आलीस माझ्या पाळतीवर?"

"निघायच्या सकाळी दिवा लावायला गेले आत्या, देव्हारा रिकामा. तेव्हाच कळलं लाडू कोणते ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे देव, तुमचं भांडण. मी कोण मधी पडणार? पण तुम्हाला पोहता येत नाय. म्हणून आले."

"तुला येतं?"

"नाय."

पुढं वाद घालायला मी तोंड उघडलं आणि खाडीकडं लक्ष गेलं. जिथून आले तिथं पाणी होतं. घोट्याएवढं नव्हे, अख्खं रुंद, समुद्राकडून आत सरकणारं. आम्ही दोघींनी वर बघितलं. आभाळ लख्ख कोरडं.

"कुठं पाऊस पडला ग?" मी विचारलं.

"डोंगरात पडला असंल," सून म्हणाली. दोघी मराठवाड्याच्या. भरती हा शब्द आम्हाला पोलिसांमुळं माहीत.

दांड्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं आणि आमची वाळू कमी होत होती. तेवढ्यात गावाच्या काठावरून एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडली. काष्टा घातलेली, हातात रिकामी टोपली.

"अगो म्हातारे! मरायला बसलीस काय तिकडं? भरती आहे ही! दांडा बुडतो तो!"

"यायचं कुठनं?" कविता ओरडली.

"बगळे बघ! बगळे उभे आहेत ना, त्यांच्या पायाखाली वाळू आहे! बगळ्यावरनं ये!"

पाण्यात तिरक्या रेषेत सहा-सात पांढरे बगळे उभे होते. त्या सगळ्या अनोळखी मुलखात माझ्या ओळखीचं तेवढंच होतं. आमच्याकडं ते नांगरामागं चालतात. कवितानं आपली ओढणी माझ्या पदराला बांधली, लग्नात नवऱ्याशी बांधतात तशी गाठ, आणि आम्ही पाण्यात उतरलो. गुडघा, मांडी, कंबर. जवळ गेलो की बगळा उडायचा आणि पुढच्या बगळ्यापलीकडं जाऊन बसायचा. मी काही सांगत नाही की तो वाट दाखवत होता. आम्हाला भिऊन उडत असणार. पण तो जिथं बसला तिथं पाय टेकला, एवढं खरं.

शेवटच्या बगळ्यानंतर काठ वीस-पंचवीस पावलांवर होता आणि मधे खोल पाणी. ती बाई कमरेएवढ्या पाण्यात आत आली, हात पुढं केला.

"ते डबडं टाक आणि हात दे!"

आणि इथं त्या बासष्टच्या मूर्ख बाईनं काय करावं? जे बुडवायला ती घाट उतरून आली, पाच महिने ज्यांचं तोंड बघितलं नाही, ते टाकायला एक बाई स्वतःहून सांगत होती. समुद्रही पुढ्यात आला होता. मी डबा दोन्ही हातांनी छातीशी आवळला आणि ओरडले, "नाही टाकणार! माझे देव आहेत त्यात!"

"मर मग देवांसकट!"

पायाखालची वाळू सरकली. कविता खाली गेली, गाठीनं मला ओढलं. पाणी तोंडात गेलं, इतकं खारट की मला वाटलं कुणी मीठ कोंबलंय. मी "अहो" म्हटलं की "देवा" म्हटलं, मला खरंच आठवत नाही. पण डबा बुडेना. गच्च झाकणाचा, आत उपरणं आणि हवा. तो माझ्या काखेतून वर उसळत होता आणि मला वर ठेवत होता. मी एका हातानं डब्याला लोंबकळले, दुसऱ्या हातानं कविताची वेणी धरली. हात मोकळा नाही म्हटल्यावर त्या बाईनं माझा अंबाडा धरला आणि आम्हा दोघींना जाळं ओढावं तसं काठाला ओढलं.

संतोष धावत आला. आम्ही ओकत होतो. त्यानं डबा उचलून हलवला. "लाडू भिजले?"

त्यानं झाकण उघडलं. बापाचं उपरणं कोरडं. त्यानं ते उलगडलं, देव बघितले, मग माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला शिव्या दिल्या. "बाप गेला, आता तूही जायला निघाली? मला विचारलं? बायकोलाबी घेऊन चालली! राग काय तुला एकटीलाच आलाय का?" आणि उपरण्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. पाच महिन्यांत मी त्याला रडू दिलं नव्हतं. रडायचा मान घरात फक्त माझा होता.

दुसऱ्या दिवशी त्या बाईला शोधत गेलो. अशा गोष्टींत मदत करणारं माणूस नंतर सापडत नाही म्हणतात. ही सापडली, अंगणात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, साफ करत होती, आणि मला बघून पुन्हा ओरडली. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "मी तुझ्यासाठी नाय आलेली. टोपली विसरलेली, ती न्यायला आले." मग हातातली तिसरी टोपलीत टाकून म्हणाली, "इतकी वर्षं तिसऱ्या काढते, टोपली कधी विसरले नव्हते गो."

मी तिच्या टोपलीला हात लावून नमस्कार केला.

परत येताना सबंध रस्ता डबा माझ्या मांडीवर होता. तेव्हा कुठं एक गोष्ट डोक्यात शिरली. जे नाहीच असं आपल्याला वाटतं, त्याच्याशी कुणी इतकं भांडतं का? मी देवांना सोडायला गेले नव्हते. त्यांनी उत्तर द्यावं म्हणून गेले होते. उत्तर त्यांनी अजूनही दिलेलं नाही. ह्यांना का नेलं हे मला ना बगळ्यांनी सांगितलं ना समुद्रानं. पण हात गळाले तेव्हा मला कुणीतरी वर धरलं, माझी सून माझ्याशी गाठ बांधून पाण्यात उतरली आणि एक बाई टोपली विसरली. माझी भक्ती गेली होती तेव्हा हे झालं. मग ते माझ्या उपासांवर अवलंबून नव्हतंच. जे माझ्या उपासांनी मिळत नाही, ते माझ्या रागानं तरी कसं तुटेल? त्या दिवसापासून मी राग लपवत नाही. तोही देवाच्याच पायाशी नेऊन टाकते.

घरी आल्यावर देव पुन्हा देव्हाऱ्यात बसले. कवितानं दिवा लावला. डबा मी घासून पुसून वाळवला आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा दाणे भाजायला घेतले. संतोष स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, आपल्या बापासारखाच, हात मागं बांधून. मी त्याला दटावलं, "थांब, आधी नैवेद्य."

वाटीत दोन लाडू घेऊन मी देव्हाऱ्यापुढं बसले. त्या एवढ्याशा पितळी बाळाकडं बघून मला पुन्हा तितकाच राग आला, आणि डोळे भरून आले.

"घे, खा," मी म्हणाले. "एक तुझा. आणि हा त्यांच्या वाटणीचा. तिथं त्यांना नेऊन दे, आणि सांग, आता स्टुलावर चढायची गरज नाही."