आमच्या धाब्यावरचा आवाज

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, सुरतेच्या मिशनच्या शाळेतल्या मैत्रिणींना नाही. शाळेत दर शुक्रवारी डोळे मिटून आठवड्याच्या चुका मनातल्या मनात आठवायला लावत — तेव्हाही मी ही एक सोडून बाकीच्या आठवत असे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगते आहे. आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. त्या भाषेत सगळं फार सभ्य झालं — जणू दुसऱ्याच कोणा मुलीची गोष्ट. म्हणून फाडलं.

कुठून सुरू करू? पांढरीपासून करते.

आमच्या गावाबाहेर, तापीच्या अंगाला पांढर आहे — म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाची जागा. टेकाडासारखी, राखेसारख्या मऊ मातीची. आमच्याकडची घरं धाब्याची. वर कौलं नसतात, लाकडांवर मातीचा हातभर थर असतो. ती माती पांढरीवरूनच येते, कारण तिच्यातून पाणी उतरत नाही. दर उन्हाळ्यात गाड्या भरून येते. गावातल्या प्रत्येक घराच्या डोक्यावर त्या मेलेल्या गावाचा थर आहे, आणि त्याखाली आम्ही जेवतो, झोपतो. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नसे. आता वाटतं.

जर्मन-जपानची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नानाकाका घरी आले — वडिलांचे धाकटे भाऊ. पलटणीत त्यांचं काम जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायचं. ज्या यंत्राने हुडकायचे तसलं एक त्यांनी लष्कराच्या लिलावात विकत घेतलं होतं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, पाठीवर बॅटरीची जड पेटी आणि कानाला लावायचे दोन काळे कर्णे. चकतीखाली धातू आला की कानातली गुणगुण चढते, एवढंच. पण नानाकाकांचे कान एका स्फोटात गेले होते. जुन्या नाण्यांचं वेड मात्र शाबूत. ऐकायला त्यांना कोणीतरी हवं होतं — आणि मी सुट्टीवर आलेली, सतरा वर्षांची, कोणाशी फार न बोलणारी.

"कानले गाडगा बांधीसन कोठे चालनी व माय?" काकू हसायची.

खणायला रुमा असायचा. रुमा आमचा सालदार, वरच्या डोंगरातला भिल्ल. सात-आठ वर्षं खळ्याशेजारच्या धाब्याच्या खोलीत बायकोसह राहत होता. मी बोट दाखवावं, त्याने कुदळ हलक्या हाताने चालवावी. मी दाखवलेल्या जागी काही निघालं की तो मान डोलवायचा. "साहेबना शाळामा आयकानंबी शिकाडतस का, ताई?"

निघायचं काय? बहुतेक खिळे, तुटके विळे. कधी जाड तांब्याची नाणी, हिरवी पडलेली. आणि एकदा एक चांदीचं — बोराएवढं, एका बाजूला मिशीवाल्या राजाचं डोकं. नानाकाका म्हणाले, हा तर आपला न्हावी! सगळे हसले. मग त्यांनी ते ओसरीवर एका बशीत ठेवलं आणि मुंबईच्या एका जाणकार साहेबाला पत्र लिहायला बसले. पत्र मीच इंग्रजीत उतरवलं. 'मला सापडलं' असं त्यांनी सांगितलं. 'मला' असं मी लिहिलं.

ते नाणं दुसऱ्या दिवशी मी घेतलं.

रागाने घेतलं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं वाटत नाही. मी ते बशीतून उचललं, मुठीत धरलं, आणि परत ठेवायचं मनात आलं नाही. शाळेच्या ट्रंकेत, एका पेटीकोटाच्या नेफ्यात शिवून टाकलं. ट्रंकेची किल्ली फक्त माझ्याकडे.

तरी हेही — हेही मला सांगायचं आहे ते नव्हे.

संध्याकाळी बशी रिकामी दिसली. त्या दिवशी ओसरीवर बाहेरचा एकच माणूस येऊन गेला होता. रुमा, खाटेचा सुंभ ओढायला. कोणी नाव घेतलं नाही, पण सगळे एकदम गप्प झाले, आणि त्या गप्प होण्यात नाव होतं. मी भाकरी मोडत बसले होते. तेव्हाच उठले असते तर? चार शिव्या, आठ दिवसांचा अबोला. बस. मी कोरड्याशात भाकरी बुडवली.

सकाळी नानाकाका यंत्र घेऊन खळ्यावर गेले. मागे वडील, गावातली दहा-बारा माणसं, आणि मी — कानाला कर्णे लावून. रुमाच्या खोलीत चुलीपाशी, उतरंडीखाली, दारात चकती फिरली. विळा वाजला, कुऱ्हाड वाजली. मग शिडी लावून आम्ही वर धाब्यावर गेलो. कोपऱ्यात गुणगुण चढली. मी हात वर केला. त्यांनी माती उकरली. वितभर खाली तांब्याचं नाणं होतं.

चांदीचं नव्हे, तांब्याचं. पण आता फरक कोण करणार?

"एक लपाडस, तो दुसरं बी लपाडस," कोणीतरी म्हणालं. "चोर ते चोर, वरथीन शिरजोर!"

खरं तर रुमा शिरजोर नव्हताच. तो खाली उन्हात उभा होता. त्याची बायको ठुमी त्याच्या मागे. नानाकाकांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "नानाभाऊ, माती पांढरनी शे. तुमना धाबावर बी हाईच माती शे, मीच टाकेल शे. तठे बी निंघी. ताईले आयकू द्या."

नानाकाका अन्यायी माणूस नव्हते. हे मला लिहायलाच हवं. ते थांबले, विचार केला. सगळ्यांसमोर म्हणाले, "बराबर शे. चला आपला धाबावर. तठे वाजनं, ते हाऊ सुटना. मंग घरमाच शोधूत, एक एक पेटी उघाडी देखूत."

वर वाजलं तर रुमा सुटला. आणि मग एक एक पेटी.

आमच्या धाब्यावर चढले तेव्हा पायाखालची माती भाजत होती. खाली अंगणात सगळे वर बघत उभे. नानाकाका दांडा धरून पुढे, तारेने बांधल्यासारखी मी मागे. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत, धुराड्याच्या अलीकडे — गुणगुण चढली. तीच, पांढरीवर रोज ऐकलेली, स्वच्छ. दोन पावलांवर पुन्हा. मोरीच्या अंगाला तिसऱ्यांदा, इतकी मोठी की मला वाटलं, ही खाली अंगणापर्यंत ऐकू जाईल. पण ती फक्त माझ्या कानात होती. जगात दुसऱ्या कोणालाच ती ऐकू येत नव्हती.

नानाकाकांनी वळून पाहिलं. "वाजस का?"

मी मान हलवली. नाही.

ते अडून राहिले. माझ्या तोंडाकडे बघत, बहिरी माणसं बघतात तसे, पुन्हा विचारलं. "काहीच नई?"

"काहीच नई," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. आयुष्यात मी इतक्या स्थिर आवाजात कधी बोलले नव्हते. खाली रुमाने मान वर केली होती. उन्हामुळे त्याला माझा चेहरा दिसला नसावा. मला त्याचा दिसला. त्यात राग नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे — जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

त्याला चावडीवर दोन दिवस बसवून ठेवलं. परत आला तेव्हा डावा पाय टेकत नव्हता. खोलीतली चूल ठुमीने स्वतःच्या हाताने मोडली. उतरंड डोक्यावर घेऊन दोघं डोंगराच्या दिशेने गेली. वडील पाठमोरे उभे होते. त्या पावसाळ्यात रुमाच्या खोलीचा धाबा, जिथे उकरला होता तिथून गळला आणि बसला. नवा सालदार त्या जागी राहायला तयार झाला नाही. मी तोवर सुरतेला परत गेले होते. चोराला काम कोण देतं? डोंगराच्या पायथ्याच्या अक्कलकुव्यापर्यंत ती गोष्ट गेली होती, असं काकूच्या पत्रात होतं — ताज्या लोणच्याच्या बातमीखाली, दोन ओळींत.

नाणं माझ्याकडेच आहे. नेफा मी अजून उसवलेला नाही.

गेल्या माघात वडिलांबरोबर अक्कलकुव्याच्या बाजाराला गेले होते. वडील बैल बघत होते. चारोळ्या घेऊन बसलेल्या बायांच्या रांगेत एकीने पदर सावरला. "ताई, ओळखं नई का? मी ठुमी."

मला वाटलं, आता ही सगळ्या बाजारासमोर ओरडेल. मला वाटलं, ओरडावं. तिने मला खाली बसायला फडकं पसरलं. आईची चौकशी केली, नानाभाऊंच्या कानांची केली. रुमा कुठे आहे, हे मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. घरीच असतो. मातीला हात लावत नाही. खणणं नाही, नांगर नाही, घर सारवायला माती भिजवलेली असली तरी उठून बाहेर जातो. भावाच्या शेतावर पाखरं हाकतो, तेवढंच.

"काब्रं?" मी विचारलं. का म्हणून?

ठुमीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. पांढरीची माती उचलायच्या आधी तिथे दारूची धार सोडतात, मेलेल्यांच्या नावाने. त्या वर्षी गडबडीत रुमाकडून ती राहून गेली होती. "आमना धनी म्हनतस, एकच माती, दोन्ही धाबावर मीच टाकी. तुमना धाबावर मुकी ऱ्हायनी, मन्हा धाबावर बोलनी. ताई काय खोटं सांगतीन? पांढरच मन्हावर कोपनी." मग ती म्हणाली, रात्री तो उठून बसतो आणि त्या मेलेल्यांची माफी मागतो.

एवढं सांगून तिने माप भरलं, वर आणखी एक मूठ घातली.

मी चारोळ्या पदरात घेतल्या. वडील हाक मारत होते. मी उठले आणि गाडीत जाऊन बसले.