'बाहेर बसा' म्हणणारे दादाजी

दादाजींनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य बहुधा 'तुम्ही जरा बाहेर बसा' हे असावे. ते त्यांनी बँकेच्या मॅनेजरला ऐकवले, संचालकांना ऐकवले आणि खुद्द चेअरमनलाही. इतवारी बाजारात त्यांचे नावच 'बाहेरबसा' पडले होते. पाठीमागून कोणी ते घेतले तर दादाजी वळून शांतपणे 'काय गा?' असे विचारीत.

धंद्याने ते टालवाले, म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. सागवानाचे ओंडके, एक आरामशीन आणि अंगावर कायम भुसा. बाजारातल्या आमच्या सहकारी बँकेचे ते संचालक होते, आणि हिशेब तपासणी समितीचे प्रमुख. वर्तमानपत्रात नोकरीला जाण्यापूर्वी काही वर्षे मी या बँकेत सभांची इतिवृत्ते लिहीत असे, म्हणून त्या खोलीत मला बसू दिले जाई. समितीचे काम एवढेच होते, की वर्षाचा ताळेबंद सभासदांपुढे जाण्याआधी तो खरा आहे ना हे पाहायचे. आधीची समिती चहा घेऊन सही करी. दादाजीही चहा घेत, वर तर्रीपोहे मागवीत. पण सहीपूर्वी एकेका कर्मचाऱ्याला त्याच्या साहेबाच्या गैरहजेरीत भेटत.

"माणूस खोटं बोलत नाही गा," ते म्हणत. "साहेब समोर असला का साहेबाचं बोलते, इतकंच."

बाहेर म्हणजे व्हरांड्यातले बाकडे. तिथे पंखा नव्हता. चेअरमन भाऊसाहेब आतल्या बाजूला ओरडत, "अबे, पंखा तरी लाव इकडे!" आतून उत्तर जाई, "पंखा लावला त दाराले कान लावून बसशीन. उकडू दे."

हे दोघे एका आखाड्यात वाढलेले. रविवारचे सावजी जेवण भाऊसाहेबांच्या घरी आणि दादाजींचे ताट तिथे धरलेलेच. भाऊसाहेबांना चेअरमनकीसाठी उभे केले ते दादाजींनी, आणि दादाजींना समितीवर घेतले ते भाऊसाहेबांनी. आपला माणूस आहे, सांभाळून घेईल, असा त्यामागचा हिशेब असावा.

मॅनेजर बी. कॉम. झालेले होते आणि भराभर बोलत. दादाजी हात वर करून त्यांना थांबवीत. "लाकडात सांगा." न मिळालेले व्याज नफ्यात कसे धरतात, हे मॅनेजरांनी एकदा मोठ्या कष्टाने लाकडात सांगितले. दादाजींनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे झाड अजून जंगलात उभं आहे, अन् तुम्ही इकडे दरवाजे विकून राहिले?"

त्या वर्षी गडबड तान्हा पोळ्यापासून सुरू झाली. लाकडी बैल सजवून आणलेल्या पोरांना बक्षिसे वाटायला भाऊसाहेब गेले होते. पोरांच्या मागे त्यांचे आईबाप, आणि त्यांतले निम्मे बँकेचे सभासद. गर्दी पाहून भाऊसाहेबांना राहवले नाही. त्यांनी माइकवरून जाहीर केले, "औंदा बारा टक्के लाभांश!" टाळ्या बैलांपेक्षा लाभांशाला जास्त पडल्या. समितीची सही अजून व्हायची होती.

पुढच्याच आठवड्यात समिती बसली. कर्जविभागाचे कोलते मॅनेजरांसमोर म्हणाले, सर्व नियमित आहे. मॅनेजर बाहेर गेले. कोलते रुमालाने कपाळ पुसू लागले.

"घाम काहून येऊन राहिला?" दादाजींनी विचारले. "पंखा तर तुह्याच डोक्यावर आहे."

कोलत्यांनी दाराकडे पाहिले आणि सांगितले. कामठीच्या काही हातमागवाल्यांचे कर्जाचे हप्ते थकले होते. वर्ष संपता संपता त्यांना नवी कर्जे दिली आणि त्याच पैशांतून जुने व्याज भरून घेतले. कागदावर व्याज वसूल झाले, नफा फुगला, आणि त्या नफ्यावर बारा टक्के उभे होते.

"कोणी सांगितलं, ते बोलू नको," दादाजी म्हणाले. "बोलशीन त तुह्यी बदली पारशिवनीले होईन." मग माझ्याकडे वळून, "लिहा. समितीने चौकशी केली, समितीले आढळलं. कोलते यात कुठीच नाही."

नंतर त्यांनी भाऊसाहेबांना आत बोलावले.

"अख्ख्या इतवारीसमोर बोललो मी," भाऊसाहेब म्हणाले.

"मंग इतवारीसमोरच वापस घे."

"नाक कापलं जाईन माह्यं."

"नाक तुह्यं आहे. पैसा इतवारीचा आहे."

"तुले याच्यासाठी बसवलं होतं का रे इथं?"

"याच्यासाठीच बसवते समिती," दादाजी म्हणाले. "तुले वाटलं पोह्यांसाठी?"

सही झाली नाही. ते व्याज नफ्यातून वगळून ताळेबंद पुन्हा मांडला गेला आणि लाभांश पाच टक्क्यांवर आला. वार्षिक सभेत भाऊसाहेबांनी तो उभे राहून वाचला. मागून कोणी तरी त्यांना बैल म्हणाले. मॅनेजर त्या वर्षअखेरीस बँक सोडून गेले. रविवारची जेवणे बंद झाली.

पुढची निवडणूक आली तेव्हा भाऊसाहेबांच्या पॅनेलमध्ये दादाजी नव्हते. ते एकटे उभे राहिले आणि सपाटून पडले. सात टक्के गमावलेले सभासद त्यांना विसरले नव्हते.

निकालाच्या संध्याकाळी गुलालाची मिरवणूक दादाजींच्या टालीसमोरून निघाली. पुढे ताशे, मागे उघड्या जीपमध्ये भाऊसाहेब. दादाजी फाटकात उभे होते. जीप जवळ येताच पोरांनी 'बाहेरबसा, बाहेरबसा' असा गजर केला. भाऊसाहेबांनी जीप थांबवली, उतरले, आणि मुठीत गुलाल धरून फाटकाशी आले.

दादाजीच बोलले. "पोरीच्या लग्नाची ठेव तुह्या बँकेत आहे माह्यी. सारेच पैसे. लोक म्हणते, आता काढून घे."

"मंग?"

"काहून काढू? तिथला ताळेबंद खरा आहे, मले माहीत आहे. पुढचा खरा ठेवणं तुह्याकडे."

भाऊसाहेबांनी मुठीतला गुलाल त्यांच्या कपाळाला लावला. दादाजींनी तो पुसला नाही. मग दोघेही फाटकातून आत गेले.

ताशेवाले वाजवीत पुढच्या चौकापर्यंत गेले, आणि तिथे त्यांच्या लक्षात आले की मागे जीपच नाही. माणसे मागे पाहायला आली. ज्याची मिरवणूक होती, तो टालीत सागाच्या ओंडक्यावर बसून दादाजींना विचारीत होता, समितीवर आता कोणाला घ्यावे.