वरच्या काकांचा फ्रीज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका देशासाठी घाबरणारा माणूस उभ्या विरारमध्ये दुसरा नसेल. सीमेवर सैन्य आहे, ते बघून घेईल, असं त्यांचं ठाम मत. त्यांना घोर बंदरांचा. आयुष्यभर गोदीत कारकुनी केलेली, त्यामुळे बाहेरून काय काय येतं ते डोक्यात पक्कं बसलेलं. मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत गळक्या टाकीचा विषय निघाला की हे उभे राहणार, "टाकी सोडा हो! युद्ध कशाला करायला हवं? जहाज पाठवायचं नाही, बस्स! देश गुडघ्यावर." कुणाकडे भजी खाल्ली तर विचारणार, "हे तेल कुठल्या देशातून आलं, माहितीय?" विचारायचे मात्र प्लेट संपल्यावर, हेही खरं. फोनमधली चिप परकी, औषधाची पावडर परकी! आम्ही हसायचो, पण औषधाचं नाव निघालं की माझी नजर आईकडे जायची. काकूंना आणि माझ्या आईला, दोघींनाही रोज दोनदा इन्सुलिन लागतं, तेही एकाच जातीचं.

मागच्या उन्हाळ्यात टीव्हीवर जहाजं अडकल्याची बातमी आली. काका त्याच सकाळी पिशवी घेऊन निघाले आणि आसपासच्या सगळ्या दुकानांतलं इन्सुलिन उचलून आले. दुधाचं पातेलं फ्रीजबाहेर, आत नुसत्या बाटल्या! दोन दिवसांनी मी आईसाठी गेलो तर दुकानदार म्हणाला, "संपलं. तुमच्याच बिल्डिंगमधले काका घेऊन गेले. नवीन माल कधी येईल, काय सांगू?" माझं डोकंच फिरलं. तरातरा वर चढलो, तर वीज गेलेली आणि काका घरात नाहीत.

बाटल्या उकाड्यात नासतील म्हणून ते रिक्षा करून थेट पाचूबंदरला गेले होते, मासळीच्या बर्फासाठी. तिथल्या कोळणीनं विचारलं होतं म्हणे, "बाबा, म्हावऱ्याचा बर्फ हाय हा, मीठ घातल्याला, औषधाला चालंल का?" पण ऐकतील तर काका कसले! थर्माकोलच्या खोक्यात बांगडे पुरावेत तशा त्यांनी सगळ्या बाटल्या बर्फात पुरल्या. संध्याकाळी उघडून बघतात तर सगळ्या गोठलेल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "एकदा गोठलं की गेलं. एकही वापरू नका."

काका खाली आले आणि आमच्या दारातच मटकन बसले. आमच्याकडे आईची एकच चालू बाटली, माठाच्या गारव्याला ठेवलेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाली, "भाऊजी, काकूंना खाली पाठवा. जेवायची वेळ झाली."

त्या दिवसापासून सुया वेगळ्या, बाटली एक. काका दर वेळी ती उजेडात धरून बघायचे, आणि मीही. औषध भराभर उतरत होतं. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी काका हळूच म्हणाले, "वहिनी, मी उगाच देशाचं नाव घेतो हो. आमची ही गेली तर मी काय करू?"

आई म्हणाली, "घाबरले तर मीपण आहे. बसा, चहा टाकते."

चौथ्या दिवशी माल आला, तोही माणशी एकच बाटली. काकांनी आपली आणली आणि वर न जाता आमची बेल वाजवली.

"वहिनी, हीसुद्धा तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "वर नेली की मला परत भीती वाटायला लागेल."