तोर्तियाचा निकाल

बाळांनो, मागच्या रविवारी तुमचे दोघांचेही फोन चार-चार मिनिटांत संपले, म्हणून आज लिहायला बसले. चूक माझी आहे. ती तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल.

गेल्या वर्षापर्यंत दर रविवारी आपण तिघं एकत्र फोनवर असायचो. इथे कोल्हापुरात संध्याकाळचे सात, माद्रिदला दादाचं जेवण, मेक्सिकोत धाकटीची न्याहारी. एकदा दादानं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. अंडी-बटाट्याचा बोटभर जाड तुकडा होता.

"आजी, ही तोर्तिया."

"त्याला आमलेट म्हणतात," धाकटी म्हणाली. "तोर्तिया मक्याची. गोल, तव्यावरची."

"मग ती भाकरी झाली. शब्द आमच्याकडून तुमच्याकडे गेलाय."

"गेला, आणि इथं येऊन शहाणा झाला."

तिथून पुढे बटाटा, फळांचा रस, सँडविच, कशालाच तुम्हा दोघांच्या स्पॅनिशमध्ये एकच शब्द नव्हता. मला स्पॅनिश येत नाही, पण पंच मीच. त्यामुळे कोण कुठे काय खातं, कोणाच्या हातचं, हे सगळं मला आधी समजावून सांगावं लागे. तासभर सहज जायचा.

हे भांडण मला ओळखीचं वाटायला हवं होतं. मी पुण्याची, रोज खातो तिला पोळी म्हणणारी. तुमचे आजोबा इथले. "रोज पोळी खायला मी काय जहागीरदार हाय? ही चपाती. पोळी पुरणाची," ते म्हणायचे. मी म्हणे, पुण्यात रोज पोळीच असते. "म्हणूनच पुण्यात सण आल्याचं कळत न्हाय." मी डब्यावर 'पोळ्या' अशी चिठ्ठी लावली, तर त्यांनी ती खोडून पेन्सिलीनं 'चपात्या' लिहिलं. मी नवी लावली. त्यांनी तीही खोडली. ते गेले त्या वर्षी लावलेली चिठ्ठी अजून न खोडलेली, तशीच आहे.

तरी असा वाद मिटवायचा नसतो, हे मला सुचलं नाही. अर्धवट काही राहिलं की मला चैन पडत नाही. मी जाडजूड स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश मागवला, दोन्ही अर्थ कार्डावर उतरवले, त्यांना क्रमांक दिले आणि फोनवर वाचून दाखवले. दोघंही बरोबर, वाद मिटला.

"ओके आजी," दोघं म्हणालात.

पुढच्या रविवारी मी विचारलं, काय जेवलात? "नेहमीचंच." मग एकाचा क्लास आला, दुसरीची मॅच. मग तुम्ही वेगवेगळे फोन करू लागलात. इथे दिवसभरात दूधवाल्याशी दोन शब्द होतात, तेवढेच.

तो निकाल मी मागे घेते. विचाराअंती माझं ठाम मत झालं आहे, की दादाच्या ताटात होतं ते आमलेटच. त्याला मान्य नसेल तर त्यानं धाकटीला फोनवर जोडून घ्यावं आणि सांगावं.

रविवारी सातला तुमचे फोन अजून येतात. आधी दादाचा, मग धाकटीचा. या रविवारी एकच आला तरी चालेल.